दिवा विझलेलं गाव आणि साडेचारशे वर्षं चालू राहिलेलं चर्च

ज्यांना ऐकायला वेळ नाही आणि लोकलमध्ये हेडफोन विसरलेत, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. बोलताना जे दोन-तीनदा अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.

आपल्याकडे महसुलाच्या कागदात एक शब्द आहे, बेचिराग. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावाची हद्द आहे, शिवार आहे, नकाशावर नाव आहे, पण वस्ती नाही, संध्याकाळी दिवा लावायला कुणी नाही, ते बेचिराग गाव. विदर्भात अशाच गावांना रिठी म्हणतात. हा शब्द मला आधीपासून माहीत होता, पण त्याचा अर्थ डोळ्यांनी पाहिला तो सात समुद्रापलीकडे, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये.

त्या गावाचं नाव व्हॅरम पर्सी. मी कंपनीच्या कामासाठी काही महिने लीड्सला होतो. एका शनिवारी ट्रेननं माल्टनला उतरलो, पुढे टॅक्सी केली. ड्रायव्हरनं गाडी एका छोट्या पार्किंगमध्ये थांबवली आणि म्हणाला, इथून चालत जा. खाली दरीत उतरणारी पायवाट, दोन्ही बाजूंना गवत, गवतात मेंढ्या. पंधरा-वीस मिनिटं चाललो तरी गाव काही दिसेना. मग एकदम झाडांच्या मागून चर्च दिसलं. छप्पर नाही. मनोरा अर्धाच उभा, जणू कुणी वरून खाली चिरलाय. शेजारी एक तळं. आणि गाव? गाव नाहीच. वरच्या उतारावर नुसते गवताचे उंचवटे.

त्या उंचवट्यांवर थोडं वर जाऊन उभं राहिलं की मात्र चित्र बदलतं. ऊन तिरपं असेल तर सावल्या पडतात आणि गवताखालून आयत दिसायला लागतात. हे घर, हे परसू, ही मधली वाट, ही दोन घरांमधली बांधाची ओळ. माती चढली, गवत उगवलं, पण जोती तशीच आहेत. आपल्याकडे जुन्या गावठाणाला पांढरी म्हणतात ना, तशी ही हिरवी झालेली पांढरी.

आज मला एवढंच सांगायचंय, की हे गाव कसं गेलं, आणि गाव गेलं तरी चर्च का राहिलं. कारण पहिल्या प्रश्नाचं जे उत्तर बहुतेक लोक पटकन देतात, ते चुकीचं आहे.

आधी गाव जिवंत असताना कसं होतं ते बघू.

१०८६ मध्ये इंग्लंडच्या राजानं, म्हणजे विल्यमनं, अख्ख्या देशाच्या जमिनीची मोजदाद करवून घेतली. त्या नोंदींना डूम्सडे बुक म्हणतात. आपल्या सातबाराचा पणजोबा समजा. त्यात व्हॅरम आहे. पुढे पर्सी नावाच्या सरदार घराण्याकडे गाव आलं आणि त्यांचं नाव गावाला चिकटलं. या भागाला वोल्ड्स म्हणतात. जमिनीखाली खडूचा दगड आहे, त्यामुळे पाणी मुरून जातं आणि दरीत झऱ्यांच्या रूपानं वर येतं. चर्च आणि तळं खाली दरीत आहेत, घरं वर.

घरं लांबट. एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला गुरं, मध्ये आडवी वाट. हे वाचताना मला नवल वाटलं नाही, तुम्हालाही वाटणार नाही. आपल्याकडे माणसं आणि गोठा एका छपराखाली असलेली घरं आजही आहेत. शेती मात्र वेगळ्या पद्धतीची. गावाभोवती मोठमोठी उघडी शेतं, त्यांच्या लांब अरुंद पट्ट्या, आणि एका कुटुंबाच्या वाट्याला इकडे दोन तिकडे तीन अशा विखुरलेल्या पट्ट्या. त्यामुळे कधी नांगरायचं, कधी पेरायचं, कोणतं रान गुरांसाठी पडीक ठेवायचं, हे सगळ्यांनी मिळून ठरवायला लागायचं. एकट्यानं शेती जमायचीच नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या माणसांबद्दल आपल्याला इतकं कसं माहीत? कारण चर्चच्या आवारात आणि आत खोदकाम झालं, तेव्हा जवळपास ७०० सांगाडे मिळाले. राजेरजवाड्यांचे नाहीत, साध्या शेतकऱ्यांचे. मध्ययुगातल्या सामान्य माणसाच्या शरीराबद्दल इतकी माहिती देणाऱ्या जागा फार कमी आहेत.

हाडांमधली रसायनं तपासून संशोधकांनी काढलं, की इथल्या आया बाळांना साधारण दीड-दोन वर्षांपर्यंत अंगावर पाजायच्या. मुलांची उंची आजच्या त्याच वयाच्या मुलांपेक्षा बरीच कमी होती, म्हणजे पोट नीट भरत नव्हतं, आजार होते. एका पुरुषाच्या कवटीची गोष्ट तर मला विसरताच येत नाही. चाळिशीचा माणूस, दहाव्या-अकराव्या शतकातला. डोक्यावर काहीतरी जड लागून कवटी आत दबली होती. कुणीतरी डोक्याची कातडी बाजूला करून दबलेलं हाड काढलं होतं. आणि जखम भरून आली होती! म्हणजे माणूस त्यानंतर जगला. भूल नाही, अँटिबायोटिक नाही, एका खेड्यात हे झालं. कुणी केलं, कुठं शिकलं, याचा कागद नाही. फक्त भरलेलं हाड आहे.

आता थोडं अंगावर येणारं. गावातल्या घरांच्या मधोमध एका खड्ड्यात वेगळी हाडं सापडली होती. १३७ तुकडे, कमीत कमी दहा माणसांचे, त्यात लहान मूलही. काळ अकराव्या ते चौदाव्या शतकाचा. हाडांवर सुरीचे घाव, काही जळलेली, काही मोडलेली. २०१७ मध्ये यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन शक्यता होत्या. एक, परके लोक असतील म्हणून त्यांना असं वागवलं. पण दातांच्या तपासणीत निघालं की ही माणसं याच भागात वाढलेली. दोन, दुष्काळात माणसानं माणसाला खाल्लं. पण तसं असतं तर घाव सांध्यांजवळ, जिथं मांस जास्त तिथं असते. इथं ते डोकं आणि मानेभोवती जमलेत. उरली तिसरी, मेलेला माणूस उठून परत गावात येईल ही भीती. तसं होऊ नये म्हणून मेल्यावर प्रेताची डोकी तोडली, अंगं जाळली. संशोधकांना हेच सगळ्यात पटण्यासारखं वाटलं. याच यॉर्कशायरमध्ये बाराव्या शतकात न्यूबर्गच्या विल्यम नावाच्या इतिहासकारानं कबरीतून उठून फिरणाऱ्या प्रेतांच्या हकिगती गंभीरपणे लिहून ठेवल्यात.

आणि विचार करा, चर्च हाकेच्या अंतरावर होतं. तिथं पुरलं की आत्म्याला शांती, हे सगळ्यांना शिकवलेलं होतं. तरी काही मेलेल्यांना तिथं जागा दिली नाही, घरांच्या मध्ये खड्डा काढला. देवळात हात जोडायचे आणि वेशीवर लिंबूही टाकायचं. माणूस सगळीकडे सारखाच.

आता चर्चकडे येऊ. मी इंजिनिअर आहे, मला भिंतीत लॉग फाईल दिसते. सेंट मार्टिनचं हे चर्च एकदाच बांधलेलं नाही. उत्खननात कळलं की आधी एक लहान वास्तू, मग तिच्या जागी मोठी, मग बाराव्या शतकापासून दोन्ही अंगांना वाढवलेली. आपल्या देवळात मूळ गाभाऱ्याला पुढे सभामंडप जोडतात तसं इथं बाजूंना लांब पडव्या जोडल्या. मधल्या भिंती फोडून कमानी केल्या, म्हणजे गर्दी मावेल.

मग उलटं सुरू झालं. पुढच्या शतकांत त्या पडव्या पाडून टाकल्या आणि कमानी दगडांनी बुजवल्या. आज भिंतीसमोर उभं राहिलं की बुजवलेल्या कमानी स्पष्ट दिसतात. भिंतीत दार नाही, पण दाराचा आकार आहे. पुढे वेदीकडचा भागही छोटा केला. चर्च आधी फुगलं, मग आक्रसलं. माणसं वाढली, मग कमी झाली, हे कुठल्याही जनगणनेशिवाय त्या भिंतीवर वाचता येतं.

तर माणसं कमी का झाली? इथं बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. प्लेग! १३४८-४९ चा ब्लॅक डेथ. युरोपात त्यानं हाहाकार केला, इंग्लंडमध्ये तीनातला एक, काहींच्या अंदाजानं त्याहून जास्त माणसं गेली. ओसाड गाव दिसलं की प्लेगचं नाव घ्यायचं, गोष्ट संपली. मलाही तसंच वाटलं होतं.

पण व्हॅरम पर्सी प्लेगनंतरही दीडशे वर्षं वसलेलं होतं. प्लेगनं गाव मारलं नाही. प्लेगनं हिशोब बदलला.

कसा ते बघा. माणसं कमी झाली, म्हणून मजूर महागला. सरकारनं १३५१ मध्ये कायदा करून मजुरी जुन्या दरावर बांधायचा प्रयत्न केला, तो काही नीट टिकला नाही. दुसरीकडे खाणारी तोंडं कमी, म्हणून धान्याला पुढे भाव राहिला नाही. तिसरीकडे चांगल्या जमिनी रिकाम्या पडल्या. मग वोल्ड्सच्या कडेला, खडूच्या कोरड्या रानात राबणाऱ्या कुटुंबानं काय करावं? पलीकडे बरी जमीन मिळतेय, अटीही सैल आहेत. काहींनी चंबूगबाळं उचललं. एकदम नाही, एका वर्षी एक घर, काही वर्षांनी आणखी एक.

आणि आधी जे लक्षात ठेवायला सांगितलं, ते इथं लागतं. उघड्या शेतांची शेती सगळ्यांनी मिळून करायची असते. निम्मी घरं रिकामी झाली की उरलेल्यांना नांगराला बैल जमवणं, बांध राखणं, गुरं आवरणं अवघड होतं. एक माणूस गेला की मागे राहिलेल्याचं ओझं वाढतं, म्हणून तोही जातो.

जमीनदाराच्या बाजूनं बघा. आता गाव हिल्टन घराण्याकडे आलेलं होतं, तिकडे उत्तरेत राहणारं. त्यांच्यासाठी व्हॅरम म्हणजे वसुलीच्या वहीतली एक ओळ. धान्याच्या शेतीला वीसेक कुटुंबं लागतात आणि भाव नाही. लोकरीला आणि कापडाला मागणी आहे, आणि मेंढ्यांना लागतो एक धनगर, एक कुत्रा. गणित इतकं सोपं की आजच्या मॅनेजरलाही एका स्लाइडवर मांडता येईल.

हा प्रकार इंग्लंडभर इतका वाढला, की १४८९ मध्ये गावं ओस पाडण्याविरुद्ध कायदा झाला. कायदा कुणी फारसा पाळला नाही, म्हणून १५१७ मध्ये कार्डिनल वुल्झीनं चौकशी लावली. प्रश्न साधा होता, १४८८ पासून कुणी कुठं घरं पाडली आणि नांगर बंद केले. त्या चौकशीत व्हॅरमची नोंद आहे. बॅरन हिल्टननं चार नांगर बंद पाडले, चार घरं पडू दिली.

चार. एवढंच. शेवटची चार कुटुंबं.

मी ही नोंद वाचली तेव्हा बराच वेळ तिथेच अडकलो. कारण आमच्या क्षेत्रात हे नेहमीचं आहे. एखादं ॲप बंद करताना कंपनी काय लिहिते? वापरणारे कमी होत गेले, म्हणून सेवा थांबवत आहोत. वाक्य खोटं नसतं. वापरणारे खरंच कमी झालेले असतात. पण ते वाक्य असं लिहिलेलं असतं, की बंद करायचं कुणीतरी ठरवलं ही गोष्ट त्यातून गायब होते. व्हॅरमचंही तसंच. बहुतेक लोक आपणहून गेले हे खरं. पण शेवटची चार घरं आपणहून गेली नाहीत. त्यांना घालवलं. ओसाड गावाचं सगळं खापर प्लेगवर फोडलं, की हिल्टनचं नाव सुटतं.

ती चार कुटुंबं पुढे कुठं गेली? त्यांची नावं कुठल्याच कागदात नाहीत. जमीनदाराचं नाव आहे, चौकशी करणाऱ्याचं आहे, नांगरांची संख्या आहे. माणसं नाहीत.

आता दुसरा प्रश्न. साधारण १५०० च्या आसपास गाव बेचिराग झालं. मग चर्च का नाही पडलं?

कारण चर्च एकट्या व्हॅरमचं नव्हतं. त्याच्या हद्दीत, म्हणजे ज्याला ते लोक पॅरिश म्हणतात त्यात, पाच गावं होती. व्हॅरम पर्सी, रेस्थॉर्प, बर्डेल, टोथॉर्प आणि थिक्सनडेल. यातली चार कालांतरानं ओस पडली. पाचवं थिक्सनडेल टिकलं, आजही आहे. आणि थिक्सनडेलला स्वतःचं चर्च नव्हतं! त्यामुळे लग्न असो, बारसं असो, कुणी गेलेलं असो, तिथली माणसं टेकड्या ओलांडून या रिकाम्या दरीत यायची. ज्या गावात कुणी राहत नाही त्या गावात आपली माणसं पुरायची. आवारात आज ज्या कबरींचे दगड उभे दिसतात, ते गाव गेल्यानंतरच्या काळातले आहेत. १८७० च्या सुमारास थिक्सनडेलला स्वतःचं चर्च झालं, आणि व्हॅरमची वर्दळ आटली. तरी अधूनमधून प्रार्थना होत राहिली. शेवटची झाली १९४९ मध्ये. गावातला दिवा विझल्यावर साडेचारशे वर्षं या एका इमारतीत दिवा लागत होता. मग दहा वर्षांत, १९५९ साली, अर्धा मनोरा कोसळला.

आणि गंमत बघा, चर्चमधली प्रार्थना थांबत होती त्याच सुमारास गाव पुन्हा सापडत होतं.

१९४८ मध्ये मॉरिस बेरस्फर्ड हा लीड्स विद्यापीठात आर्थिक इतिहास शिकवायला आलेला तरुण माणूस इथं पोचला. तेव्हाच्या जाणत्या इतिहासकारांचं मत होतं, की ओस पडलेली मध्ययुगीन गावं इंग्लंडमध्ये फारशी नाहीतच. बेरस्फर्डनं जुने करांचे कागद आणि नकाशे समोर ठेवले. कागदात गाव आहे, जमिनीवर नाही, मग गेलं कुठं? उत्तर शोधायला तो चालत फिरला. पुरातत्त्वाचं शिक्षण नव्हतं, तरी १९५० मध्ये फावडं घेऊन व्हॅरमला खणायला लागला, जोती खरंच घरांची आहेत का बघायला. १९५२ मध्ये जॉन हर्स्ट हा शिकलेला पुरातत्त्वज्ञ त्याला येऊन मिळाला. त्यानं पद्धत बदलली. अरुंद चर खणत जाण्याऐवजी अख्खं घर, अख्खं परसू एकदम उघडायचं, थर थर काढायचा, म्हणजे माणसं कशी राहत होती ते कळतं.

त्यानंतर १९९० पर्यंत दर उन्हाळ्यात काही आठवडे इथं खोदकाम चाललं. विद्यार्थी, शिक्षक, कुणीही हौशी माणसं यायची. गावात उभ्या असलेल्या एकुलत्या एका घरात, शेतमजुरांसाठी नंतर बांधलेल्या, त्यांचा मुक्काम असायचा. चाळीस वर्षं! ना सोन्याचा हंडा मिळणार होता, ना राजाची कबर. फुटकी मडकी, गुरांची हाडं, चुलीची राख. एवढ्यावरून त्यांनी हे दाखवलं, की सामान्य शेतकऱ्यालाही इतिहास असतो आणि तो खणून काढता येतो. आज इंग्लंडमध्ये अशी सुमारे ३,००० गावं नोंदलेली आहेत. फारशी नाहीतच म्हणणाऱ्यांच्या देशात.

परत निघायच्या आधी मी चर्चच्या आत एका दगडावर बसलो होतो. वर आकाश, बाजूला बुजवलेली कमान. आणि मला आमचं कोकणातलं गाव आठवलं. आमच्या वाडीत अर्ध्याहून जास्त घरांना कुलूप आहे. ना प्लेग आला, ना कुणी हिल्टन. मुंबई आली, पुणे आलं, माझ्यापुरतं म्हणाल तर लीड्स आलं. शेत कसायला माणूस नाही म्हणून शेजाऱ्यानंही यंदा भात लावला नाही. पण शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी निघते तेव्हा सगळी कुलपं उघडतात, आणि देऊळ दरवर्षी नवं रंगवलेलं असतं. पूर्वी मी हे अभिमानानं सांगायचो, की बघा, आमचं देऊळ कसं झकास आहे, गाव कसं टिकलंय. व्हॅरमला जाऊन आल्यापासून ते तसं सांगवत नाही. देऊळ उभं आहे यावरून गाव आहे असं समजू नये, एवढं त्या बिनछपराच्या चर्चनं मला शिकवलं.

परवा आईला फोन केला आणि विचारलं, आपल्या वाडीत वर्षभर राहणारी घरं किती? ती बोटांवर मोजायला लागली. सातवर थांबली, मग म्हणाली, थांब, काकू आता मुलाकडे गेल्यात, सहाच. मी ती सहा नावं लिहून ठेवलीत. १५१७ च्या त्या कागदात जे राहून गेलं, ते निदान आपल्या कागदात राहू नये.

तुमच्या गावात आज किती घरांत दिवा लागतो, ते एकदा मोजा, आणि नावांसकट लिहून ठेवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत नमस्कार.